खपाचा क्रमांक आणि गाण्याची योग्यता

गाणे चांगले कोणते आणि खपते कोणते, हे दोन प्रश्न आपण पुष्कळदा एकच समजतो. वर्गात गाण्याचा विषय निघाला की, "सर, ते तर पहिल्या क्रमांकावर आहे," असे उत्तर तयार असते. आणि ज्याच्या घरी भीमगीतांची वा भारुडाची जुनी कॅसेट जपून ठेवलेली असते, तो विद्यार्थी मान खाली घालून गप्प बसतो. त्याचे ते गप्प बसणे आम्हांस टोचते. म्हणून या क्रमांकांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचे बालपण दौंडास गेले, नोकरी शिरूरास लाभली. सुमारे १९९० साली दोन्ही गावी कॅसेटची दुकाने गजबजलेली असत. दुकानदार जिला गिऱ्हाईक अधिक ती कॅसेट पुढे मांडी. तीच आमच्या गावची क्रमवारी. तीत कित्येक कॅसेटी अशा लहान कंपन्यांच्या असत की, त्यांची नावे आज कोणास आठवणारही नाहीत.

या लहान कंपन्या आल्या कोठून? तबकड्यांच्या काळी हा धंदा भांडवलदारांचा होता. ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यास मुद्रणास आरंभ केला, १९०८ साली तेथेच कारखाना उभारला, आणि पुढे 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे नाव घरोघरी झाले. तिच्यासमोर मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ साली 'यंग इंडिया' ही स्वदेशी तबकडी काढून सुमारे वीस वर्षे टिकाव धरला. मात्र खरा पालट घडविला तो कॅसेटने. तबकडीस कारखाना लागे. कॅसेटीची प्रत थोडक्या खर्चात निघे. दिल्लीतील फळांच्या रसाच्या दुकानदाराचे चिरंजीव गुलशन कुमार यांनी १९८३ साली टी-सीरीज काढली, आणि १९९० साली तिच्या 'आशिकी'च्या गाण्यांनी देश व्यापला. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे व त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचे आवाज कॅसेटींच्याच योगे खेडोपाडी पोहोचले.

विलायतेतही हेच दिसते. मोठ्या कंपन्यांच्या वितरणावाचून विकल्या जाणाऱ्या गाण्यांची निराळी क्रमवारी तेथे जानेवारी १९८० पासून सुरू झाली. पुढे लहानांनी मुख्य क्रमवारीचेही शिखर गाठले. शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज' या तरुण मंडळीचा पहिला गीतसंच 'डॉमिनो' या स्वतंत्र कंपनीने २००६ साली काढला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांवर प्रती खपल्या. अ‍ॅडेल या गायिकेचा '२१' हा गीतसंच 'एक्सएल' या स्वतंत्र कंपनीचा. २०११ साली निघालेला हा संच ब्रिटनमध्ये एकूण तेवीस आठवडे अग्रस्थानी राहिला.

तथापि लहान म्हणजे थोर, असेही कोणी समजू नये. टी-सीरीज आज स्वतःच प्रचंड झाली आहे. मे २०१९ मध्ये तिच्या यूट्यूब वाहिनीने दहा कोटी वर्गणीदारांचा टप्पा जगात सर्वांआधी ओलांडला. लहान कंपनीचे खरे श्रेय इतकेच की, मोठ्यांनी ज्यास दारात उभे केले नाही, अशा आवाजाकडे तिने कान दिला. क्रमवारी तिच्या वहीत नोंदलेला खप तेवढा मोजते. घोडनदीच्या बाजारात वा दौंडच्या स्टेशनाबाहेर विकलेली कॅसेट त्या वहीत कोणी लिहिली? जे मोजले गेले नाही, ते हलके ठरत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, या सुटीत घरातील जुनी पेटी उघडा. कॅसेटीवरील गायकाचे, वादकांचे व कंपनीचे नाव वहीत उतरवून घ्या; ती घरात कोणी आणली व केव्हा, हे आजीआजोबांस विचारा. पालकांसही विनंती की, अडगळ म्हणून या कॅसेटी भंगारात घालू नयेत. फीत दमटपणाने खराब होते आणि तिच्यावरील आवाज कदाचित अन्यत्र कोठेही उरलेला नसेल. शाळा उघडल्यावर आपापल्या वह्या घेऊन या. मान वर करून आपल्या घरचे गाणे वर्गास सांगा. आम्ही ऐकावयास बसलो आहोत.