बीस्टनची फेरी

इंग्लंडांत नॉटिंगहॅमच्या शेजारीं बीस्टन नांवाचें गांव आहे. आमचा पुतण्या त्या बाजूस नोकरीस असल्यामुळें तेथील चिलवेल रस्त्यावर ट्रामनें जाण्याचा योग आला. जाण्याचें कारण ऐकून वाचकांस हंसूं येईल. आम्हांला एक लेथ घ्यावयाचा होता!

हौशी कारागिरांत या गांवाचें माहात्म्य मोठें. 'मायफर्ड' लेथ येथेंच होत. कारखाना १९३४ सालीं निघाला. १९४६ सालीं त्याचा 'एम. एल. ७' बाहेर पडला. मध्याची उंची ३॥ इंच, दोन टोकांमधील अंतर २० इंच. एवढ्याशा यंत्रावर लोकांनीं परसांतल्या खोपटांत बसून वाफेचीं इंजिनें घडविलीं. २०११ सालीं येथील काम थांबलें आणि नांव यॉर्कशायरमधील व्यापाऱ्याकडे गेलें. म्हणून आम्ही जुन्याच्या शोधांत होतों.

पहिला लेथ एका दुकानांत पाहिला. ताजा रंग पाहून पुतण्या भुलला. खरें सांगावयाचें तर आम्हीही भुललों. परंतु लेथ रंगावर घेऊं नये. ज्या सपाट बेडवर हत्याराची गाडी सरकते, तो चकाजवळ सर्वांत अधिक झिजतो. तेथें गाडीची ढिलाई स्क्रू आवळून काढावी व मग ती दुसऱ्या टोकाकडे न्यावी. आमची गाडी वीतभर गेली आणि घट्ट बसली. नमस्कार करून बाहेर पडलों.

दुसरा लेथ एका वृद्ध बाईंकडे होता. यजमान निवर्तले होते. दांत्यांचीं चाकें तेलकट कागदांत जपून गुंडाळलेलीं. शेजारीं 'मॉडेल इंजिनियर' नियतकालिकाचे गठ्ठे. येथें गाडी शेवटपर्यंत गेली. या लेथची धुरा पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांत फिरते, तेल चुकलें कीं तीं गेलींच. "ते आधीं तेल घालीत, मग चहा घेत," बाई म्हणाल्या.

किंमत माफक होती. अट मात्र कठीण. एक व्यापारी येऊन गेला होता, पण तो यंत्र मोडून सुटे भाग विकणार. तसें करण्यांत पैसा अधिक. "तुम्ही मोडणार नाहीं ना?"

पुतण्या गप्प झाला. त्याची नोकरी दोन वर्षांच्या कराराची. तें त्यानें सांगितलें. न सांगतां सौदा सहज झाला असता. "हा देश सोडावा लागला तर अखंड घेणारा शोधीन, आणि आधीं तुम्हांला कळवीन," एवढेंच तो म्हणाला.

बाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मग तेलाची पिचकारी आंत नेऊन त्यांनीं पुसून आणली आणि खोक्यांत चाकांशेजारीं ठेवली.