आधी उतरवा, मग चढवा

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप थांबलं की आमचा हंगाम सुरू होतो. सेनगाव, औंढा, कळमनुरी तालुक्यांतली कितीतरी गावं आणि तांडे दसरा-दिवाळीनंतर निम्मे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात ऊस तोडायला जातात. सगळा हिवाळा फडाशेजारच्या कोपीत जातो. ज्या कारखान्याचा ऊस जसा संपेल तसे ट्रॅक्टर परततात, कुणाचा शिमग्याआधी, कुणाचा पाडवा उलटल्यावर. मागे राहिलेली म्हातारी माणसं बहुधा ओसरीत किंवा एखाद्या खोलीत दिवस काढतात. बाकी घराला कुलूप असतं. ते उघडलं की मला बोलावणं येतं.

मी गवंडी. वडीलही हेच करायचे. नवी बांधकामं घेतोच, पण चैत्र-वैशाखात जुनी घरं मिरगाच्या आत पावसाला तयार करून द्यायची, हे माझं मुख्य काम. त्याच दिवसांत वसमतकडं हळद शिजवण्या-वाळवण्याची घाई असते, त्यामुळं हाताखाली गडी मिळत नाही. परत आलेल्या माणसाला तर एका दिवसात सगळं हवं असतं.

राबत्या घरापेक्षा बंद घर लवकर खचतं. चूल पेटत नाही, म्हणून आढ्याच्या लाकडाला धूर लागत नाही आणि वाळवीला मोकळं रान मिळतं. सारवण थांबलं की जमीन तडकते, पोपडे सुटतात. माणसाची वर्दळ नसली की घूस पायाच्या कडेनं बीळ काढते आणि आतली माती रोज थोडी थोडी बाहेर लोटते. बाहेरून भिंत जशीच्या तशी दिसते, पण तिच्याखालचा भराव गेलेला असतो.

घरच्या बायकांना आधी चुना हवा असतो. पाडवा तोंडावर आलेला असतो, भिंती काळवंडलेल्या असतात. मी त्यांना हात जोडून थांबवतो. चुना मारला की भेगा झाकल्या जातात, वाळवीच्या नळ्या झाकल्या जातात आणि मग मला घर वाचता येत नाही. आधी घराभोवती बाहेरून एक फेरी, मग भिंती, मग छप्पर, मग जमीन आणि चुना सगळ्यांत शेवटी. वडिलांनी घालून दिलेला हा क्रम मी मोडत नाही. त्यांचं दुसरं सांगणं असं, की आधी काय उतरवायचं ते बघ, काय चढवायचं ते नंतर. डागडुजी म्हटली की लोकांना भर घालणं सुचतं. मातीवर माती, गिलाव्यावर गिलावा, पत्र्यावर दगड. आमच्याकडची घरं झिजून पडतात त्यापेक्षा जास्त अशा भरीनं पडतात, हे इतकी घरं हाताखालून गेल्यावर मी खात्रीनं सांगू शकतो.

पायथ्यापासून बघू. दरवर्षी अंगणात थोडा मुरूम पडतो, थोडी माती पडते, वर सडा-सारवण होतं. पंधरा-वीस वर्षांत अंगण वर चढतं आणि जोतं खाली गेल्यासारखं दिसतं. मग पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं, ओल वर चढते आणि भिंतीचा पाय मऊ होतो. लोक त्यावर सिमेंटचा पट्टा ओढून मागतात. मी म्हणतो, टिकाव-फावडं आणा. भिंतीपासून दोन-तीन हात अंगण खाली न्यायचं, उतार बाहेर द्यायचा. घुशीचं बीळ आधी उकरून शेवटापर्यंत मोकळं करायचं, मग दगडाच्या चिपा आणि काचा चुन्यात ठोकून भरायच्या. नुसतं तोंड बुजवलं तर ती शेजारून नवं काढते.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे घरानं पावसाळी कोट घालून घाम काढत बसणं. आतली ओल बाहेर पडत नाही. वरून सगळं टणक, बोटानं वाजवलं की पोकळ. आत मातीचा भुगा झालेला असतो. हा गिलावा खरवडून काढला की घरमालकाचा चेहरा पडतो, कारण त्यानं त्यावर पैसे घातलेले असतात. नव्या लिंपणासाठी माती, शेण आणि गव्हंडा पाण्यात घालून काही दिवस कुजवायचा. रोज पायांनी तुडवायचा. वास उठला आणि गारा हाताला लोण्यासारखा लागला की तो भिंत धरतो. घाईनं त्याच दिवशी लावलेला गारा पुढच्या आठवड्यात भेगाळतो.

भेगांचं गणित आमच्या काळ्या जमिनीत वेगळं आहे. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. शेतात गुडघाभर भेगा पडतात त्याच काळात घराखालची जमीनही आखडलेली असते. त्यामुळं चैत्र-वैशाखात दिसणारी भेग वर्षातली सर्वांत रुंद असते. ती सिमेंटनं ठोकून भरली की पावसाळ्यात जमीन फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारून नवी भेग निघते. मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करतो, तारीख लिहितो आणि मऊ चुना-मातीनं ती भरून ठेवतो. खुणेच्या पुढं सरकली का, हे दसऱ्याला कारखान्यावर जाण्याआधी बघायचं. सरकली नसेल तर ती ऋतूची भेग. सरकली असेल तर पाया बघायला हवा.

लाकडाची परीक्षा कानानं होते. खांबाच्या तळाशी आणि तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं हातोडीनं वाजवायचं. चांगलं लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द बोलतं. वाळवीची नळी मोडून ठेवायची आणि चार दिवसांनी बघायचं. पुन्हा बांधली असेल तर ती आत जिवंत आहे.

आता धाब्याकडं येतो. ज्यांची अजून जुनी माळवदाची घरं आहेत त्यांच्याकडं खांब, तुळई, कड्या, वर किलचन, त्यावर पाला आणि त्यावर माती असते. ही माती साधी नसते. खारी माती टाकतात. ओली झाली की तिचे कण सुटून बारीक भोकं बुजवतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. खारेपणामुळं तिच्यावर गवतही फारसं उगवत नाही. पावसाळ्याआधी धाब्यावर नवा थर देऊन चोपणं ही पिढ्यांची रीत. पण पाऊस जेवढी माती धुऊन नेतो त्यापेक्षा माणसं जास्त टाकतात. बाप टाकतो, मुलगा टाकतो, जुनी कोणी काढत नाही.

हिशेब करून बघा. दहा बाय दहा फुटांचा खण, वर एक फूट माती. शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. वजन साडेचार ते पाच टन, तेही कोरडी असताना. दर इंचाला जवळपास चार क्विंटल. दोन-तीन पिढ्यांच्या धाब्यावर दीड-दोन फूट माती सहज निघते. त्याखाली माणसं झोपतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हेच वजन खाली आलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. भूकंप झाला तेव्हा हजारो माणसं दगडमातीखाली गेली. तिथल्या भिंती आमच्याकडच्यासारख्याच होत्या. आतून-बाहेरून काळ्या दगडाचे दोन पडदे आणि मध्ये चिपा-चिखल. दोन्ही पडदे धरून ठेवणारा आरपार दगड नाही. भिंत हलली की पडदे पाठीला पाठ लावून फुटतात आणि वरचं माळवद बसतं. आमच्या औंढ्याचं हेमाडपंती देऊळही दगडाचंच आहे, पण त्यात घडीव दगड एकात एक बसवले आहेत. नामदेवांच्या कीर्तनासाठी ते देऊळ फिरलं अशी कथा आहे. कथेतलं देऊळ फिरूनही अभंग राहिलं. आमच्या भिंतीला एवढं फिरणं झेपणारं नाही.

किल्लारीनंतर आमच्या गावातही काहींनी धाबी उतरवून पत्रे टाकले. ज्यांनी ठेवली त्यांच्याकडं मी एकच काम करतो, माती कमी करतो. तुळयांना आधी टेकू द्यायचा. एका बाजूनं उकरत जायचं नाही, नाहीतर भार दुसऱ्या बाजूला कलंडतो. सगळीकडून सारखा थर काढत खाली यायचं. मग जाड प्लास्टिकचा कागद अंथरून, उतरवलेलीच माती चाळून वर सहा-आठ इंच टाकायची, पन्हाळीकडं उतार ठेवून चोपायची. बाकीची गावाबाहेरच्या खड्ड्यात. एका म्हातारीनं मला अडवलं होतं. म्हणाली, “मिस्तरी, सासऱ्यानं डोक्यावर वाहून टाकलेली माती हाय ती.” मी म्हटलं, “आजी, त्यांनी टाकली तवा दोन बोटं टाकली. त्यांच्या हातची वरच ठेवतो, वझं तेवढं काढतो.” मग तिनंच नातवाला पाटी धरायला लावली.

पत्र्याच्या घराचं दुखणं उलटं आहे. छप्पर हलकं, म्हणून भूकंपात बरं, पण वळवाच्या वादळात उडतं. म्हणून लोक त्यावर दगड ठेवतात. जितका वारा, तितके दगड. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा धक्का, केंद्र कळमनुरी तालुक्यात, आणि दहा-बारा मिनिटांत दुसरा, ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५ चा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे आवाज लोक कितीतरी वर्षांपासून ऐकत आले आहेत. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं पत्र्यावरचे दगड काढायला सांगितलं. सांगणं बरोबरच. पण लगेच वळीव येणार होता. प्रत्येक घरी एकच प्रश्न, “दगड काढलं तर पत्रं उडतील की.”

त्या वर्षीपासून परतलेल्यांच्या प्रत्येक पत्र्याच्या घरात माझं मुख्य काम छपराचं झालं. वर चढण्याआधी मेन स्विच बंद. हिवाळ्याच्या वाऱ्यात विजेची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली असू शकते आणि मग अख्खं छप्पर करंट मारतं. दगड हातानं उचलायचा नाही, आधी काठीनं हलवायचा, खाली विंचू असतो. मग जुने हुक तपासायचे. डांबरी वायसर उन्हानं कडक होऊन तडकलेले असतात, ते बदलायचे. हुक पत्र्याच्या उंच नाळीवर मारायचा, खोलगट नाळीत मारला की तिथून गळतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पत्रा आड्याला धरून भागत नाही, आडं भिंतीला धरलं पाहिजे. लोखंडी पट्टी आड्यावरून घेऊन भिंतीत दोन-तीन फूट खाली गाडायची. मग वाऱ्याला पत्रा उचलायचा तर भिंतीचं वजनही उचलावं लागतं. दगड डोक्यावर ठेवून जे होत नव्हतं ते पट्टीनं होतं. हुक आणि पट्ट्या बसल्याशिवाय मी दगड उतरवत नाही, आणि बसल्यावर एकही वर राहू देत नाही.

आता घरकुलं आली आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. हप्ते कामाच्या टप्प्यानं येतात आणि ऊसतोडीची टोळी निघण्याची तारीख त्या टप्प्यासाठी थांबत नाही. मग दिवाळीच्या तोंडावर घाईनं बीम ओततात, भिंती चढवतात आणि कुलूप लावून निघतात. पाणी मारायला कोणी नसतं. सिमेंटला निदान दहा-बारा दिवस ओल हवी. ती मिळाली नाही तर ते वाळतं, पक्कं होत नाही. परतल्यावर भिंत नखानं खरवडली तरी वाळू सुटते, उघड्या सळया तांबड्या झालेल्या असतात. तिथंही काम उतरवण्यापासूनच सुरू होतं. कच्चा राहिलेला वरचा थर ठोकून काढायचा, सळईचा गंज तारेच्या ब्रशनं घासायचा, मग पुढचं.

परतलेल्या माणसाच्या हातात पैसा फार नसतो. उचल फिटली तर नशीब, नाहीतर पुढच्या हंगामाच्या उचलीतून दुरुस्ती होते. म्हणूनच उतरवण्याचं काम मला पटतं. त्याला सिमेंट लागत नाही, दुकानाची उधारी लागत नाही. लागते ती मजुरी, आणि ऊस तोडून आलेल्या घरात कष्टाची माणसं असतातच. अंगण खाली नेणं, गिलावा खरवडणं, धाब्याची माती काढणं हे ते स्वतः करतात. मी टेकू, पट्ट्या आणि लिंपण बघतो.

काम संपलं की मी घरधन्याला दसऱ्याची कामं आत्ताच सांगून ठेवतो. निघण्याआधी पेन्सिलीच्या खुणा बघा. पन्हाळीतला पाला काढा. भिंतीला टेकवलेली जळणाची मोळी दूर ठेवा, वाळवी तिथूनच चढते. मागं राहणाऱ्या आईला सांगा, आठ दिवसांतून एकदा बंद खोलीत शेणीचा धूर करायचा. आणि ओतायचं काम काढायचं असेल तर निघण्याच्या आदल्या पंधरवड्यात काढू नका. परत आल्यावर करा, पाणी मारायला घरात माणूस असताना.