साचा आणि नजर

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्ती एकच असते. तिच्यावरून रबराचा साचा निघतो आणि त्या साच्यातून शेकडो गणपती बाहेर पडतात. हमरापूर-जोह्याच्या शेडमध्ये रांगेनं उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या, अजून डोळे न उघडलेल्या मूर्ती पाहून कोणी म्हणेल, कला पहिल्या मूर्तीतच संपली, उरलं ते उत्पादन. पण सांधे घासून, रंग चढवून झाले आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश घेऊन बसला, की एकाच साच्यातले दोन गणपती दोन वेगळ्या नजरांनी पाहू लागतात. गिऱ्हाईक भुलतं ते त्या नजरेला. जमैकाचा संगीतकार आणि निर्माता ली ‘स्क्रॅच’ पेरी याचं मोठेपण मला नेमकं इथं दिसतं. तयार साच्याला नजर देणं हीही पहिल्या प्रतीची निर्मिती आहे, हे त्यानं आयुष्यभर करून दाखवलं.

पेरी 1936 साली केंडल या खेड्यात जन्मला. किंग्स्टनला येऊन संगीत-निर्माता कॉक्सन डॉडच्या हाताखाली तो घडला. 1968 च्या ‘पीपल फनी बॉय’ या गाण्यात त्यानं तान्ह्या मुलाचं रडणं मिसळलं. 1973 मध्ये घराच्या मागच्या अंगणात त्याचा ‘ब्लॅक आर्क’ स्टुडिओ उभा राहिला. यंत्र अवघ्या चार ट्रॅकचं. जागा संपली की आधीचे आवाज एकत्र उतरवून तो नवी जागा काढायचा, आणि दर वेळी त्यांची धार थोडी मऊ व्हायची, वर धुकं चढायचं. दुसऱ्यानं हा दोष मानला असता. 1977 च्या ‘हार्ट ऑफ द काँगोज’ या अल्बममध्ये त्याच धुक्यातून, जणू दाट पावसाच्या पडद्याआडून, तीन गळे गातात आणि मध्येच गाय हंबरते. जमैकात एकाच वाजवलेल्या तालावर, म्हणजे ‘रिडिम’वर, अनेक गायक गात. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला तेच गाणं शब्द काढून यायचं. पेरीनं आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबीनं या साच्यातून गायकाला उचललं, गिटारचा एखादा आघात प्रतिध्वनीत सोडून दिला, ड्रम आणि बास तेवढे राखले. हाच डब.

हा सारा यंत्राचा खेळ, असं कोणी म्हणेल. पण यंत्रं इतरांकडेही होती, पुष्कळदा याहून चांगली. काय काढायचं हे यंत्र सांगत नाही, कान सांगतो. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा वाद्यांच्या गजरात चालणाऱ्या पायांना सम आधीच कळलेली असते. आपला कान समेवर विसावायला शिकलेला आहे. जमैकाच्या रेगे संगीतातल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकी पहिली मात्रा मोकळी राहते आणि भार पडतो तिसरीवर. ती मोकळी जागा ऐकणाऱ्याचं शरीर भरून काढतं. पेरीनं ही मोकळीक ठेक्यापुरती न ठेवता अख्ख्या गाण्यात पसरवली. त्यासाठी लागतो तो कान, आणि त्या कानाचा धीर.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो मला फेटाळता येत नाही. 1970 च्या सुमारास बॉब मार्ली आणि वेलर्स यांनी पेरीकडे अप्रतिम गाणी केली; पैशावरून मात्र त्यांच्यात बिनसलं. साचा वापरणाऱ्याचं नाव झालं, साचा घडवणाऱ्या वादकांना त्याचं मोल क्वचितच मिळालं. पेणच्या मूर्तीवरही डोळे आखणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून पेरीचं कौतुक करताना बास आणि ड्रम वाजवणाऱ्या ॲस्टन आणि कार्लटन बॅरेट या भावांचं, ‘ब्लॅक आर्क’मध्ये बास वाजवणाऱ्या बोरिस गार्डिनरचं नाव घेतलंच पाहिजे; हिशेबाच्या वहीत झालेला अन्याय कलेच्या थोरवीनं पुसला जात नाही. तरीही पेरीचा एखादा डब रात्री शांतपणे लावून ऐकावा. रेकॉर्डवर ज्याचं नाव, तो गायक हळूहळू निघून जातो. शब्द जातात, गिटार जाते, आणि अंधारात शेवटपर्यंत ऐकू येत राहतात ते फक्त ड्रम आणि बास.