पुनश्च मोटार

एकदां सोडलेल्या व्यसनाकडे माणसानें परत वळावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहून ठेवलें आहे. परंतु एकदां विकलेल्या मोटारीविषयीं ते मुग्ध आहेत. त्यांच्या मौनाला संमति समजून आम्हीं २०१९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, एक जुनी एम्. जी. टीसी मोटार विकत घेतली. अशीच एक मोटार १९७४ पासून १९८५ पर्यंत मुंबईस आमच्या दारांत उभी असे. ती विकून आलेल्या पैशांत पुण्याच्या घराचे पहिले हप्ते भागले, आणि तो व्यवहार शहाणपणाचा होता असेंच आमचें आजही मत आहे. संसाराला छप्पर लागतें, आणि टीसीचें छप्पर पावसाळ्यांत असून नसल्यासारखें!

ही मोटार ज्यांनीं पाहिली नसेल त्यांना तिची थोडी ओळख करून दिली पाहिजे. महायुद्ध संपल्यावर, १९४५ सालीं, इंग्लंडांतील ॲबिंग्डन गांवीं ती तयार होऊं लागली, आणि १९४९ पर्यंत अशा सुमारें १०,००० मोटारी बाहेर पडल्या. लांबट नाक, १९ इंची तारांचीं चाकें, कोंपर बाहेर ठेवतां यावें म्हणून खालपर्यंत कापलेलीं दारें, आणि पत्र्याच्या आंत ॲश लाकडाचा सांगाडा; म्हणजे अर्धी मोटार लोहाराची आणि अर्धी सुताराची. इंजिन १२५० सी. सी. चें, शक्ति ५४ अश्वांची, आणि वेग फार तर ताशीं ७५ मैलांच्या आसपास. आज कोणतीही घरगुती मोटार, मागें आजीबाई आणि आंब्यांची पेटी घेऊन, तिला सहज मागें टाकते. परंतु टीसीची बैठक इतकी खालीं आहे कीं ताशीं ४० मैलांवरच रस्ता आपल्या मांडीखालून धांवत असल्याचा भास होतो, आणि तेवढा आम्हांला पुरतो.

या मोटारींच्या कुळाचे जनक सेसिल किंबर यांना टीसी बाहेर पडलेली पाहावयास मिळाली नाहीं. १९४१ सालीं त्यांना त्यांच्या कारखान्यांतून निरोप मिळाला, आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजीं लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ, मागें घसरलेल्या आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. ज्यानें जन्मभर वेगाची उपासना केली तो सावकाश घरंगळणाऱ्या गाडींत मरावा, हा दैवाचा विनोद आम्हांला कधींच आवडला नाहीं.

रस्त्यांत आम्हांला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला तरुणांचा. तेंच अष्टकोनी चिन्ह मिरविणाऱ्या नव्या मोटारी २०१९ पासून गुजराथेंतील हलोल येथें तयार होऊन बाहेर पडल्या; तेव्हां ‘काका, हें नवीन मॉडेल का?’ असें ते विचारतात. दुसरा आमच्या वयाच्या माणसांचा: ‘तुमची जुनी ती हीच का?’ ती ही नव्हे, आणि आम्हीं ती शोधलीही नाहीं. तीच परत मिळती तर तिच्या प्रत्येक ओरखड्याशीं आम्ही आमच्या तारुण्याचा हिशेब मांडीत बसलों असतों. हिच्याशीं तसें कांहीं देणेंघेणें नाहीं. ती आमच्याकडे म्हातारी म्हणून आली, आम्ही तिच्याकडे म्हातारे म्हणून गेलों.

सरकारही आतां अशा गाड्यांची दखल घेतें. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या गाडीस ‘व्हीए’ या अक्षरांची निराळी नोंदणी दहा वर्षांसाठीं मिळते. मात्र रोजच्या कामास ती नेतां येत नाहीं; प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणें, एवढ्यासाठींच ती बाहेर पडावी. पेट्रोल कोणत्या पंपावर भरावें हें नियमांत सांगितलेलें नाहीं, आणि आम्हांला खंडाळ्याकडील पंप फार आवडतो. त्या पेट्रोलांत आतां पांचवा हिस्सा इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबराला बाधतें. म्हणून सर्व नळ्या बदलाव्या लागल्या.

एक नळी मात्र आम्हीं जुनीच ठेवली, आणि तिचीच हकीकत सांगावयाची आहे. या इंजिनाचे बोल्ट मोठे चमत्कारिक आहेत. त्यांच्या डोक्यांना इंग्रजी मापाचा पान्हा लागतो, पण आटे फ्रेंच, मिलिमीटरचे; कारण मॉरिस कंपनीनें १९२३ सालीं हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना यंत्रांसकट घेतला होता. गिरगांवांतील आमच्या मिस्त्रींना हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांना आटे ठाऊक होते. बोटांत बोल्ट फिरवून ते म्हणत, ‘साहेब, ह्याचं डोकं एका जातीचं, पोट दुसऱ्या.’

गाडीला एस्. यू. जातीचे दोन कार्बोरेटर असतात. दोघांनीं सारखी हवा ओढली तर इंजिन सुरळीत चालतें; एकानें अधिक ओढली कीं जोडींतला एक बैल चुकार निघाल्यासारखी गति होते. मिस्त्री रबरी नळीचें एक टोंक कानाला लावीत, दुसरें आळीपाळीनें दोन्ही तोंडांशीं धरीत, आणि फूत्कार सारखा होईपर्यंत स्क्रू केसाकेसानें फिरवीत. दोन वर्षें पाहूं दिल्यावर त्यांनीं ती नळी आमच्या हातीं दिली. विद्यापीठाच्या पदवीपेक्षां आम्हांला तिचें अप्रूप अधिक. मिस्त्री जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं.

ही मोटार आल्यावर पहिल्याच रविवारीं आम्हीं ती नळी काढली. पुढच्या तोंडाशीं धरली. कांहीं ऐकूं येईना. मागच्या तोंडाशीं धरली, तेंच. नळी बुजली असेल म्हणून फुंकून पाहिली. ती मोकळी होती. कानाच्या डॉक्टरांनीं आलेख काढून दाखविला कीं वार्धक्यांत उंच स्वर आधीं जातात, आणि फूत्कार तर बहुतांशीं उंच स्वरांचाच. लोकांचें बोलणें ऐकूं येतें, इंजिनाची धडधड ऐकूं येते. तेवढा फूत्कार मात्र गेला. हवा मोजण्याचें उपकरण बाजारांत मिळतें, तें आणलें. तें काम चोख करतें, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण त्या रविवारीं आम्ही धड जेवलों नाहीं, असें घरांतील मंडळी सांगतात.

दिवाळींत कन्या बंगळूरहून आली तेव्हां तिच्या हातीं नळी दिली. ‘बाबा, ऐकायचं काय?’ असें तिनें विचारलें, आणि आम्हांला सांगतां येईना. मिस्त्रींनीं शब्दांनीं कांहींच शिकविलें नव्हतें. शेवटीं उपकरण लावून दोन्ही कार्बोरेटर समान केले आणि तिला म्हटलें, ‘हें ऐकून ठेव.’ मग स्क्रू मुद्दाम बिघडवून तिला तो परत त्याच जागीं आणावयास सांगितलें. तिसऱ्या खेपेस तिनें तो आणला. कांटा लावून पाहिला, तर दोन्हीकडे सारखाच.

ती वर्षांतून दोनदां येते. मधल्या काळांत फोन कार्बोरेटराच्या तोंडाशीं धरून तिला ऐकवावें अशी युक्ति आम्हीं करून पाहिली. परंतु फोन नेमका फूत्कारच गोंगाट समजून गाळून टाकतो. गेल्या महिन्यापासून मागचा कार्बोरेटर जरा अधिक ओढतो आहे असा आम्हांला संशय आहे. उपकरण कपाटांत आहे. पण दिवाळीला सहाच आठवडे उरले आहेत. तोंवर खंडाळ्याचा पंप राहूं द्यावा असें ठरविलें आहे.