आपल्या इकडचा डायनोसॉर

१९९४ साली मी दारव्ह्याला शाळेत होतो. डायनोसॉरचं भारी वेड! अवघड नावं घडाघडा म्हणून दाखवायचो. एकदा धाकटी बहीण म्हणाली, "दादा, यातला आपल्या इकडचा कोणता?"

मी खो खो हसलो. "इथं कायचा आला डायनोसॉर!" ती हिरमुसली. पुन्हा तिनं कधी विचारलंच नाही.

दोस्तांनो, चुकलो मीच होतो. आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला, १९८४ ते १९८६ या काळात एका शाकाहारी डायनोसॉरची हाडं निघाली होती. म्हणजे मी हसलो त्याच्या आधीच! १९९७ मध्ये त्याचं नाव ठेवलं टायटॅनोसॉरस कोल्बर्टी. कोल्बर्ट हे अमेरिकन शास्त्रज्ञ. पण हा प्राणी वेगळाच निघाला, म्हणून २००३ मध्ये तो झाला इसिसॉरस. 'इसि' म्हणजे आय.एस.आय., कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. तिथल्या शास्त्रज्ञांनीच त्याचा अभ्यास केला होता. 'सॉरस' म्हणजे ग्रीक भाषेत सरडा. आकडेमोडीच्या संस्थेचा सरडा!

परवा बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न बरोबर होता ना, दादा?"

"हो गं. उत्तरच चुकलं होतं."