हक्कसोड

माझे आजोळ राहनाळ. भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंजूर फाट्याजवळचे हे गाव. पण आता तिथे गेलात, तर गाव शोधावे लागते. दुतर्फा पत्र्याच्या उंच गोदामांच्या रांगा, त्यांच्या दारात पाठ लावून उभे असलेले कंटेनर. देशभरातल्या लोकांनी घरबसल्या मागवलेला माल इथे येतो, खोकी बदलतो आणि पुढे जातो. आईच्या लहानपणी या जागी भाताची खाचरे होती. पावसाळ्यात बांधावरून शाळेत जाताना चपला हातात घ्याव्या लागत, असे ती सांगते. एकेकाची शेते गोदामांखाली गेली. आजोबांची तेवढी बावीस गुंठे राहिली, कारण आजोबा हट्टी होते.

आजोबा गेले. तेरावे झाल्यावर पंधरा दिवसांत दोन्ही मामा आमच्या घरी आले. येताना आईसाठी सुकटीची पिशवी आणली होती आणि एक कागद. कागदाचे नाव हक्कसोडपत्र. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला आणि, खरे सांगते, मला तो चक्क आध्यात्मिक वाटला. एखाद्या अभंगात शोभला असता. पण खाली सर्व्हे नंबर होता, चतुःसीमा होत्या आणि आईच्या सहीसाठी जागा रिकामी ठेवलेली होती.

आई सही करायला तयार होती. "भावांचं भावांना जाऊ दे. मला माहेर राहिलं म्हणजे झालं," एवढेच ती म्हणाली. मी मध्ये बोलले, तेव्हा धाकटे मामा हसून म्हणाले, "काय गो, तू तर कॉलेजात संतांचं शिकतेस ना? मग संत काय सांगून गेले? लोभ सोडा म्हणूनच ना?" मला उत्तर सुचले नाही. त्या वर्षी संतवाङ्मयाच्या तासाला आम्ही श्रीगोंद्याचे शेख महंमद वाचत होतो. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरुस्थानी मानीत. जन्माने मुसलमान, परंपरेने कादरी सूफी, आणि लिहिले मराठीत. त्यांचा 'योगसंग्राम' १६४५ सालचा. त्यातला संग्राम बाहेरच्या शत्रूशी नाही, माणसाच्या आतल्या वासना-विकारांशी आहे, असे मी परीक्षेत चांगल्या अक्षरात लिहून आले होते. आणि मामा जे म्हणत होते ते त्याच उत्तराचे तात्पर्य होते.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बावीस गुंठ्यांचा तिसरा हिस्सा, गुंठ्याला सध्याचा भाव, गुणिले. आकडा पाहून झोप उडाली. त्या आकड्यात माझे एम.ए. होते, एक स्कूटर होती, आणि आईला न विचारताच मी घेऊन टाकलेली एक वन रूम किचन होती. संध्याकाळी मी न्यायाच्या गोष्टी बोलले होते. रात्री त्याच न्यायाला मी पडदे लावीत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले नाही तर पुढचे काही लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सही करण्याआधी चाचांना सांगून येऊ." चाचा म्हणजे आजोबांचे मित्र, भिवंडीचे कोकणी मुसलमान. एके काळी त्यांचे चार माग होते. आजोबा त्यांच्या घरी तांदूळ पोचवीत आणि परतताना कारखान्याच्या ओट्यावर चहा पीत तासन्‌तास बसत. आता चाचा सत्तरीच्या पुढे आहेत. गुरुवारी ते दिवाणशहांच्या दर्ग्यात असतात. आम्ही तिथेच गेलो.

या दर्ग्याची कथा भिवंडीकरांना नवी नाही. सतराव्या शतकात विजापूर दरबारात दिवाण असलेला माणूस सत्ता, मान, दौलत सगळे मागे टाकून इथे येऊन राहिला, अशी परंपरा आहे. लोकांनी मात्र त्याचे जे सुटले होते तेच नाव त्याला कायमचे चिकटवले. आजही तो दिवाणशहाच. मला याची नेहमी गंमत वाटते.

आईने कागद पुढे केला. चाचांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी केली आणि परत दिला. मग विचारले, "बाय, सात-बाऱ्यावर तुझं नाव लागलंय?"

"नाही."

"मग तू सोडतेस काय?"

आई गप्प राहिली. मी मात्र मनात टाळ्या वाजवल्या. चाचांनी ते ओळखले असावे, कारण पुढचे सगळे ते माझ्याकडे पाहून बोलले.

त्यांच्या बोलण्यातले सगळे मला तिथल्या तिथे कळले असे नाही. नंतर काही वाचले, काही त्यांनाच पुन्हा जाऊन विचारले. सूफी मंडळी मनातल्या हव्यासाला 'नफ्स' म्हणतात. कुराणात त्याच्या तीन अवस्था वेगवेगळ्या ठिकाणी आलेल्या आहेत. पहिली 'अम्मारा', म्हणजे वाईटाकडे ओढणारी, हुकूम सोडणारी. दुसरी 'लव्वामा', स्वतःला दोष देणारी, टोचणारी. तिसरी 'मुतमइन्ना', निवांत झालेली. साधकाचा सगळा प्रवास या पहिलीपासून तिसरीपर्यंतचा. चाचा म्हणाले, "आम्ही सगळे मधल्याच स्टेशनात बसलेलो. गाडी पुढे जात नाही, उतरताही येत नाही."

दुसरा शब्द 'तर्क'. आपल्या तर्कशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. हा अरबी शब्द आहे, अर्थ सोडणे. फकिराच्या चार पाकळ्यांच्या टोपीत चार तर्क असतात असे मानतात. पहिला दुनियेचा. पुढचा परलोकाच्या फळाचा, म्हणजे स्वर्ग मिळेल म्हणून भक्ती करणेही सोडायचे. आठव्या शतकात बसऱ्याची राबिया एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली होती, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, ही कथा त्याच अर्थाची. मग स्वतःच्या असण्याचा. आणि शेवटचा 'तर्क-ए-तर्क'. आपण सोडले, ही जाणीवसुद्धा सोडायची. माणूस दौलत सोडतो आणि त्यागाचा अभिमान धरून बसतो. नफ्स मेलेला नसतोच, त्याने फक्त कपडे बदललेले असतात.

मी विचारले, "म्हणजे सोडायचंच ना शेवटी? मग आईने आत्ताच सोडलं तर काय बिघडलं?"

तेव्हा चाचांनी स्वतःची गोष्ट सांगितली. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पेटली, त्यात त्यांचे चारही माग जळाले. बीमवरचे सूत, धोटे, कांड्या भरायचे यंत्र, सगळे. लोक समजूत घालायला येत. कोणी म्हणे, दुनिया फानी आहे, अल्लाने मोह काढून घेतला. "मोह कुठे गेला होता?" चाचा म्हणाले. "लोखंड गेलं. खटखट कानात तशीच. दहा वर्षं मी झोपेत धोटा बदलत होतो. होते तेव्हा चारच माग होते, जळाल्यावर माझ्या डोक्यात त्यांचे चाळीस झाले. कुणी हिसकावलेलं, जळालेलं, ते सोडलेलं नसतं गो पोरी. त्याला तर नफ्स जास्त घट्ट धरतो."

मग त्यांनी पुन्हा दोन माग घेतले, नऊ-दहा वर्षे चालवले, आणि एक दिवस ते आपल्या कारागिराला हप्त्याने देऊन टाकले. "त्या दिवसापासून खटखट बंद," असे म्हणून ते थांबले. लगेच पुढे म्हणाले, "म्हणजे जवळजवळ बंद. खोटं कशाला बोलू? बसलोय कुठे!"

मला हे फार नवे होते. विरक्ती म्हणजे नसणे, असेच माझ्या डोक्यात होते. इस्लाममध्ये ज्याला 'जुह्द' म्हणतात, तो मुळात हाताचा विषय नाही, हृदयाचा आहे. संन्यासाश्रमासारखी घरदार टाकण्याची वाट तिथे धर्माने सांगितलेली नाही. बाजारात बसा, संसार करा, शिल्लक पडलेल्या संपत्तीतला चाळिसावा भाग दरसाल जकात म्हणून काढा, पण ती संपत्ती मनात शिरू देऊ नका. बल्खच्या इब्राहीम बिन अदहमने तख्त सोडले ही कथा सांगतात, तेव्हा ते तख्त त्याचे होते, हे आपण ऐकता ऐकता विसरतो. इमाम गझालींचे उदाहरण तर अधिक स्पष्ट आहे. बगदादच्या निजामिया मदरशातले सर्वांत मानाचे आसन त्यांच्याकडे होते. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नव्हे, नावलौकिकासाठी, असे त्यांना वाटू लागले. सहा महिने जावे की राहावे या ओढाताणीत गेले. वर्गात तोंडून शब्द फुटेना. अखेर १०९५ साली ते बाहेर पडले. संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून. एवढा मोठा त्याग करणाऱ्या माणसानेही आधी घरच्यांचा वाटा बाजूला काढला होता. आपला त्याग त्याने मुलांकडून करून घेतला नाही.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. लोभ सोडा, हा उपदेश संतांनी स्वतःला केलेला आहे. शेजाऱ्याच्या नाहीतर बहिणीच्या हातात कागद देऊन तो वाचून दाखवण्यासाठी नव्हे. आईला कोणी विचारलेच नव्हते की तुला हवे का. तिच्या मोठेपणाची आधीच तारीफ करून ठेवली होती, म्हणजे तिला नाही म्हणता येऊ नये.

यात एका धर्माला दुसऱ्यापेक्षा वर बसवण्याचा हेतू नाही. चाचांनीच ती वाट बंद केली. "आमच्यात मुलीचा हिस्सा चौदाशे वर्षांपासून ठरलेला. भावाच्या निम्मा, पण लिहिलेला. म्हणून काय सगळ्या बहिणींना मिळतो? आमच्या घरांतही भाऊ डबा घेऊन जातात आणि सही घेऊन येतात." मग आईकडे वळून त्यांनी आपला निकाल दिला. "आधी वारस म्हणून नाव लाव. जमीन तुझी होऊ दे. एक पीक तुझ्या नावाने खा. मग भावांना द्यायची तर दे, मी स्वतः साक्षीदार म्हणून येतो. आणि ठेवायची वाटली तर ठेव. पण सोडायला आधी धरलेलं पाहिजे."

निघताना मी पाया पडले, तर ते हलक्या आवाजात म्हणाले, "आणि तुझ्या वहीतलं पान फाडून टाक." वहीबद्दल मी त्यांना अवाक्षरही बोलले नव्हते. चमत्कार नव्हे हा. माझ्या वयाची नातवंडे त्यांनाही आहेत.

पुढचे थोडक्यात सांगते. आईने सही केली नाही. मामा रागावले. गणपतीला आम्हाला बोलावणे आले नाही, आणि त्या दिवशी आईने जेवण केले पण ती जेवली नाही. मला तेव्हा फार अपराधी वाटले, कारण न्यायाच्या बाजूने मी बोलत होते आणि माहेर तिचे तुटत होते. तलाठ्याकडे अर्ज, नोटिसा, तारखा यांत आठ महिने गेले. एका दुपारी फेरफार मंजूर झाला आणि आईने नवा सात-बारा घरी आणला.

त्यावर तीन नावे आहेत. तिसरे आईचे. तिने ते बोटाने वाचले, शाळेत पहिल्यांदा स्वतःचे नाव वाचावे तसे. मग म्हणाली, "बाबांच्या खाली माझं नाव बघ." मी विचारले, आता काय करायचे? ती म्हणाली, "बघू. पावसाळा तर येऊ दे. भात लावू आधी." गेल्या आठवड्यात थोरल्या मामांचा फोन आला होता, जमिनीबद्दल नाही, तिच्या गुडघ्याबद्दल विचारायला. ती बराच वेळ बोलत होती.

सात-बारा रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला आहे. आईने तो त्यानंतर एकदाही बाहेर काढलेला नाही. मी चार वेळा काढला. वहीचे पान मी फाडले, पण आकडा पाठ आहे.