खिडकीपुढे

१९९९ साली महागुरुस्वामींनी आम्हांला ईशज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी रोमला पाठविले, तेव्हा धर्मग्रामाने शाल देऊन आमचा निरोप-समारंभ केला. आपल्या विद्वत्तेचा थोडा ताठा आमच्याही अंगी होताच.

तो पेरूजा येथे उतरू लागला. टेकडीवरच्या त्या नगरात परदेशीयांना इटालियन शिकविणारे विद्यापीठ आहे. वयाच्या तिसाव्या वर्षी एका कोरियन धर्मभगिनीच्या शेजारी बसून ‘हे पुस्तक आहे, ती खिडकी आहे’ असे आम्ही घोकीत होतो.

ऑक्टोबरात रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात वर्ग सुरू झाले. संत इग्नाती लोयोला ह्यांनी १५५१ साली स्थापिलेल्या रोमन कॉलेजची ही परंपरा. १५८२ च्या दिनदर्शिका-सुधारणेत ज्यांचा मोठा वाटा, ते गणिती क्लावियुस तेथलेच अध्यापक. अशा परंपरेच्या बाकावर बसून आम्हांला प्राध्यापकांच्या दहा शब्दांतले तीन समजत. काही परीक्षा इंग्रजीतून देता येत, म्हणून निभावले. नाहीतर शालीसकट परत यावे लागते.

खरी परीक्षा मात्र विद्यापीठाबाहेर झाली. इटलीत परदेशी विद्यार्थ्याला निवास-परवाना काढावा लागतो. त्याच्या कागदांसाठी आम्ही पहाटे पाचला एका कचेरीपुढे रांगेत उभे राहिलो. खिडकीमागच्या कारकुनाने काहीतरी विचारले. आम्ही मान डोलाविली. त्याने तेच मोठ्याने विचारले, जणू आम्ही बहिरे होतो. तिसऱ्यांदा ओरडून त्याने कागद परत सरकविले. तोच मागे उभी असलेली फिलिपिनो बाई पुढे आली आणि अस्खलित इटालियनमध्ये आमच्यासाठी बोलली. ती कोणाच्या तरी घरी घरकाम करीत असे. छायाचित्रे चारऐवजी तीनच होती, एवढेच ते प्रकरण! तिने आम्हांला छायाचित्रांचे यंत्र दाखविले आणि आमची जागा धरून ठेवली.

रांगेत परतलो आणि आई आठवली. तिने शाळा पाहिली नव्हती. गावच्या बँकेत पैसे काढण्याची स्लिप धरून ती अशीच खिडकीपुढे उभी राहत असे. दहावीत असताना एकदा, चार लोकांदेखत, तिच्या हातातून ती स्लिप हिसकावून आम्ही म्हणालो होतो, ‘‘आई, एवढंही कळत नाही का तुला?’’ ती काही बोलली नाही. वाटेत आमच्यासाठी तिने भजी घेतली.

त्या रात्री पत्र लिहावयास बसलो. पण आईचे पत्र वहिनी मोठ्याने वाचणार, म्हणजे सारे घर ऐकणार. तेव्हा थंडीविषयी लिहिले आणि पाकीट बंद केले. फोन महाग, त्यावरही ‘जेवलीस का?’ इतकेच.

२००१ च्या उन्हाळ्यात परतलो, तेव्हा ओट्यावर बसून तिला सारी हकिकत सांगितली, स्लिपेसकट. स्लिपेचे आपल्याला आठवत नाही, असे ती म्हणाली; खरेखोटे देव जाणे. तिने विचारले ते निराळेच :

‘‘त्या बाईचं नाव काय होतं रे?’’

ते आम्ही विचारलेच नव्हते.